मोबाईलमधला पालथा पैलवान

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. आमच्या घरात लिंबू येतं ते सरबताला आणि लोणच्याला. दाराला टांगायला कधी आणलं नाही. लेकरं लहान होती तेव्हा सासूबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या मागायच्या. मी म्हणायची, आत्या, मोहरी फोडणीला राहू द्या, लेकराला ताप आहे, दवाखान्यात नेऊ. गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बाया पाया पडायला पळतात. मी मागं उभी राहून बघते, आता ही साडी मागते का नुसत्या नारळावर भागवते. तुमचे या पानावरचे अनुभव मी वाचते, पण दुपारी डोळा लागू नये म्हणून. खोटं कशाला बोलू, निम्म्यांना तर हसते.

आता तुमी हसा. कारण माझा अनुभव ना स्मशानाजवळचा ना अमावस्येचा. भर दुपारचा आहे. देवगाव फाट्यावर, चहाच्या हॉटेलाशेजारी जी पत्र्याची शेड आहे तिथला. आणि तोही मोबाईलमधल्या मारामारीच्या गेमातला... हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय. पण झालं ते झालं.

आमचं गाव मानवत तालुक्यात. नाव लिहीत नाही, गावातले लोक हे वाचतात. शाळेच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर आमचं. पुढं वसरी, आत दोन खोल्या, मागं परस. परसात लिंबाचं झाड, एका अंगाला न्हाणी आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाजेपेक्षा थोडा मोठा असा मऊ मातीचा चौकोन. हा चौकोन म्हणजे आमच्या मालकांचा आखाडा.

मालक तरुणपणी पैलवान. जत्रेतल्या नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात केली ती फेट्यांपर्यंत गेले. गावची तालीम पडली, पोरं क्रिकेटला लागली, तरी यांचं वेड गेलं नाही. आमच्याकडची काळी माती, वाळली की दगड. म्हणून यांनी लांबून बैलगाडीनं तांबडी माती आणून परसात टाकली. त्या मातीत हळद, तेल, ताक. मी ताक घुसळायची आणि हे मातीला पाजायचे. भांडून झालं, रुसून झालं, काही उपयोग नाही. रोज सकाळी आधी मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग चिमूटभर माती दोन्ही खांद्यांवर टाकायची आणि मग जोर काढायचे. ही सलामी. तिच्याशिवाय यांचा दिवस सुरू झालेला मी पाहिला नाही.

गेल्या वर्षी पेरण्या उरकल्या आणि एका सकाळी मालकांच्या हातातला चहाचा कप निसटला. तोंड वाकडं झालं. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. परभणीला नेलं. जीव वाचला, पण घरी आणलेला माणूस वेगळाच होता. बाजेवर पडायचं ते भिंतीकडं तोंड करून. खायला दिलं तर खायचं, नाही दिलं तर मागायचं नाही. दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, औषधानं निम्मं काम होईल. बाकीचं यांनी हात हलवला तर. मनच घेतलं नाही तर हा हात असाच वाळून जाईल, आणि माणूस पण मग फार दिवस टिकत नाही. दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. तो मालकांनी डाव्या हातानं उचलून परसात भिरकावला. कुणाच्या तरी लेकरानं नेला.

मला रात्रंदिवस एकच घोर. हा माणूस असा भिंतीकडं बघत बघतच जाणार का?

आमची नात श्रावणी परभणीला कम्प्युटरचं शिकते. रविवारी आली की आबांजवळ बसायची. एका रविवारी तिनं माझ्या मोबाईलमध्ये कराटेचा गेम टाकून दिला. म्हणाली, आबांचा अंगठा हलला पाहिजे ना, मग चेंडू कशाला, हे घ्या. गेम फुकटचाच, मधे मधे जाहिराती यायच्या तर दोन चहाच्या पैशांत तिनं त्या बंद केल्या. अगदी साधा गेम. एक काळ्या कपड्यातला माणूस, तो आपला. एक पांढऱ्या कपड्यातला, तो मोबाईलचा. खाली चार बटणं. बुक्की, लाथ, उडी आणि मार अडवायचा. डोक्यावर हिरवी पट्टी असते. मार बसेल तशी ती कमी होत लाल होते आणि संपली की माणूस धाडकन उताणा पडतो. सुरू करायच्या आधी दोघं हात मांड्यांना लावून कमरेतून वाकतात, एवढाच काय तो त्यांचा रामराम.

मालकांनी मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही. श्रावणी हिरमुसून गेली.

मग मीच खेळायला लागले. दुपारची भांडी झाली की बाजेजवळ बसायचं आणि खेळायचं. मला काय येतंय, एकच लाथेचं बटण धरून बसायची. पांढरा मला घडीभरात उताणा पाडायचा. पण आवाज मोठा ठेवायची मुद्दाम. मारते, पडते, परत खेळते. सुनबाई सुनीता आतून म्हणायची, आत्या, निदान अडवायचं तरी बटण दाबा, शेजारी म्हणतील या घरात सारखं कुणीतरी कुणाला हाणायलंय.

असे काही दिवस गेले. एक दिवस मी नेहमीसारखी मार खायलेय आणि मागून आवाज आला, "हं." यांचा एवढाच आवाज उरला होता. वळून बघते तर मालक भिंतीकडून इकडं वळलेले. कपाळाला आठ्या. माझा खेळ बघून जीव वैतागला होता त्यांचा. डावा हात पुढं केला. मी मोबाईल दिला. मांडीवर उशी ठेवून तिच्यावर ठेवला आणि उजवा हात उचलून त्या बटणांवर ठेवून दिला, मेल्या पाखरासारखा.

सुरू करायच्या आधी त्यांनी काय केलं सांगू? डावा हात बाजेवरून खाली सोडला, जमिनीला लावला, कपाळाला लावला. मग डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. त्या तेवढ्याशा कराटेला सलामी. मला हसू आलं. त्यांनी असे डोळे वटारले की माझं हसू जागच्या जागी राहिलं. पुढं मी खेळायला घेतलं आणि सलामी विसरले तर मोबाईल हिसकून घ्यायचे. नियम म्हणजे नियम. मग मीही शिकले. जमीन, कपाळ, खांदे, मग लाथ.

त्या अंगठ्यानं आमचं घर परत उभं केलं असं म्हटलं तरी चालेल. आधी नुसता थरथरायचा. मग एक बटण दाबायला लागला. मग बुक्की आणि लाथ दोन्ही. ज्या दिवशी यांनी पांढऱ्याला पहिल्यांदा पाडलं त्या दिवशी सुनीतानं शिरा केला. कापसाची पहिली वेचणी झाली तोवर हे काठी धरून न्हाणीपर्यंत जायला लागले. वाचा आली नव्हती. पण भिंत सुटली होती.

खेळता खेळता मी एक गोष्ट बडबडायची, तीही सांगून ठेवते. पांढरा नेहमी उताणा पडायचा. मी म्हणायची, मालक, चीतपट झाला बघा. लग्न झाल्यापासून ऐकत आले म्हणून मला कुस्तीतलं एवढं कळतं, की पाठ लागली तर हार. पालथा पडलेला पैलवान हरत नाही. तो मातीला छाती लावून, जमिनीला चिकटून राहतो, वरचा त्याला उलटवायला बघतो. पालथा आहे म्हणजे अडचणीत आहे, पण कुस्ती अजून चालू आहे.

आता त्या दिवसाचं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, तिकडं जिंतूरच्या बाजूला. मालक बरे होत होते, सुनीता घरी होती, म्हणून मी निघाले. आदल्या दिवसापासून माझं चित्त त्या बारशातच. झबलं शिवून घेतलेलं, ते लेकराला मोठं होतंय का लहान, हाच विचार. मोबाईल नेते म्हणून मालक जरा फुगले होते. सुनीता म्हणाली, आबा, आत्याला वाटेत फोन करायला लागंल, एक दिवस कळ काढा. मी वाकून म्हटलं, संध्याकाळपर्यंत येते, पांढऱ्याला तुमच्याकडून दोन लाथा. त्यांनी तोंड फिरवलं, पण हसले होते, मला दिसलं.

सेलूहून पुढं देवगाव फाट्याला उतरले. पुढची गाडी यायला वेळ होता. हॉटेलात भजी तळायचं चाललेलं, बाजूला पत्र्याची शेड, तिथं दोन-चार बाया आपापली बोचकी घेऊन बसलेल्या. ऊन कडक नव्हतं, दिवाळी होऊन गेलेली. मी बाकड्यावर बसले आणि वेळ जावा म्हणून गेम काढला.

सवयीनं खाली वाकले, जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, खांद्यांना लावला. शेजारची बाई म्हणाली, "काय हुडकायलात बाई, काही पडलं का?" मी म्हटलं, नाही हो, असंच. ती दुसरीकडं बघून हसली. हसू दे.

गेम सुरू झाला. काळा वाकला, नेहमीसारखा, हात मांड्यांना लावून. पांढरा वाकला नाही.

पांढरा गुडघ्यात खाली गेला. पार खाली. हात जमिनीला लावला. कपाळाला लावला. मग एका खांद्यावर, मग दुसऱ्या खांद्यावर.

मी मोबाईल डोळ्यांजवळ आणला. चष्मा होता माझ्या डोळ्यांवर, ते आधी सांगते, कारण पुढं सगळ्यांनी पहिलं तेच विचारलं. पांढऱ्यानं सलामी दिली आणि त्यानंतर तो जमिनीवर हात टेकून पालथा झाला... आणि तसाच पडला. मी एकही बटण दाबलेलं नव्हतं. त्याला कुणी मारलेलं नव्हतं. डोक्यावरची हिरवी पट्टी काठोकाठ भरलेली. आणि तो पालथा. उठेना.

मी लाथेचं बटण दाबून बघितलं. काळा हललाच नाही. बुक्कीचं दाबलं, तरी नाही. गेम बंद पडला म्हणावा तर मागच्या चित्रातला झेंडा फडकायलाच होता, आवाज येतच होता. फक्त हे दोघं. एक उभा, एक पालथा.

भीती वाटली का, असं श्रावणीनं मला नंतर विचारलं. भीती नाही वाटली. डोक्यात एकच आलं, आणि ते माझ्याच आवाजात आलं, रोज बडबडायची तसं. पालथा आहे, हरलेला नाही, अडकलाय.

सुनीताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. ती गिरणीवर दळण घेऊन गेली होती आणि तिथं लाईट गेल्यामुळं बसून राहिली होती, मोबाईल घरात, हे मला मागून कळलं. लेक मानवतला कापसाच्या जिनिंगवर, यंत्राच्या आवाजात त्याला फोन कुठला ऐकू येतोय. मग मारुतीला लावला.

मारुती आमच्या परसामागचा. त्याची मेंढरं-शेरडं आहेत. तो मेंढरं घेऊन पार लांब गेलेला आणि त्याच आठवड्यात परत आलेला. मालकांचं आजारपण त्यानं सगळं ऐकलेलं, आणि पैलवान आता उठून चालतात हेही ऐकलेलं. फोन उचलला तर मागं शेरडांचा गोंगाट.

मी म्हटलं, मारुती, जरा घरी जाऊन ये बाबा, मालक काय करायलेत बघ.

"काकू, आत्ताच बघितलं की. शेरडं तिकडूनच आणली. पैलवान आपल्या मातीत जोर काढायलेत. लय बरं वाटलं बघून."

ज्यांचा उजवा हात कप धरत नाही ते जोर कसे काढतील?

"वर-खाली होयलेत का रे?"

"आं? काय म्हणालात?"

"मारुती, हालायलेत का?"

"न्हाई काकू... पालथेच होते. मला वाटलं दम घ्यायलेत."

पुढं मी काही बोलायच्या आधीच तो पळाला. फोन बंद करायचं भान त्याला नव्हतं. मला सगळं ऐकू येत होतं. चपला फटफटल्या, शेरडं ओरडली, आमच्या परसाच्या फाटकाची कडी वाजली. मग त्याचं ओरडणं, पैलवान, ओ पैलवान. आणि मग फोन कटला.

माझी गाडी आली. बाया बोचकी घेऊन चढल्या. ती मघाची बाई खिडकीतून म्हणाली, अहो बाई, याच गाडीनं जायचंय ना तुमाला? मी मान हलवली, नाही म्हणून. गाडी गेली. मी त्या बाकड्यावर. हातातल्या मोबाईलकडं बघायची हिंमत होईना आणि खाली ठेवायचीही होईना. हॉटेलवाल्यानं न मागता पाणी आणून दिलं. बहुतेक माझं तोंड बघून.

मग वाजला. मारुती. "काकू, श्वास हाय," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. एवढा दाढीमिशीचा माणूस.

फोन ठेवल्यावर बघितलं तर गेम आपोआप पहिल्या पानावर गेलेला. मी काळीपिवळी जीप धरली, सेलूहून दुसरी धरली आणि मानवतचा दवाखाना गाठला.

झालं होतं असं. सुनीता दळण घेऊन गेल्यावर घरात कुणी नाही. मालकांना बरं वाटत होतं, फार दिवसांनी अंगात उमेद आलेली. काठी टेकत परसात गेले. मातीच्या चौकोनाजवळ बसले, सलामी दिली, खांद्यांवर माती टाकली आणि एक तरी जोर निघतो का बघावं म्हणून हात टेकले. उजवा हात टिकला नाही. तोंडावर पडले. उजवा हात छातीखाली अडकला, डावा नुसता माती उकरत राहिला. नाक-तोंड त्या मऊ मातीत. कडक जमीन असती तर कपाळ फुटलं असतं, पण श्वास राहिला असता. ही माती मऊ होती. माझ्याच ताकानं मऊ केलेली. मारुतीनं उलटं केलं तेव्हा ओठ निळे पडायला लागले होते, त्यानं बोटानं तोंडातली माती काढली. कपाळावर आणि दोन्ही खांद्यांवर मातीची बोटं उमटलेली होती म्हणाला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर... आणि वाक्य तिथंच सोडून चिठ्ठी लिहायला लागले.

मारुतीला गावात काही लोक बोलले. दिसलं तर हाक का नाही मारली? तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला. मी त्याला म्हटलं, मारुती, तुझी काही चूक नाही. आमच्या गावात तालमीत गेलेल्या कुणालाही विचारा. जोर काढणाऱ्या माणसाला मधेच हाक मारत नाहीत, त्याचा दम तुटतो. मारुती लहानपणी यांच्याच हाताखाली तालमीत होता. हाक मारली म्हणून यांच्या हातचा मारही खाल्लेला. तो त्या दिवशी फाटकातून बघून, शेरडांना आवाज न देता, अदबीनं बाजूला झाला. यांनीच शिकवलेली अदब. दुसरं कुठलं गाव असतं तर पडलेला म्हातारा बघून माणूस धावला असता. आमच्याकडं पैलवान मातीत पालथा दिसला तर लोकांना बरं वाटतं.

म्हणूनच माझा फोन गेला नसता तर सुनीता येईपर्यंत त्या फाटकात कुणी पाऊल टाकलं नसतं. आणि माझा फोन का गेला, त्याचंच उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

श्रावणी आली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजी, गेम हँग झाला असणार. मी म्हटलं, ठीक, दाखव हँग करून. पोरगी हट्टी, माझ्यावरच गेलीय. सुट्टीभर तो गेम घेऊन बसली. शेवटच्या लेव्हलपर्यंत खेळली. बटणं न दाबता ठेवून बघितला, चार्जिंग संपवून बघितला, तोच गेम तिच्या मैत्रिणींच्या मोबाईलवर टाकून बघितला. मग एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, आजी, यात खाली बसायचं चित्रच नाहीये. म्हणजे हे लोक बसूच शकत नाहीत. आणि पडायचं चित्र एकच आहे, उताणं. पालथं बनवलेलंच नाही कुणी.

लेक म्हणतो, आई, तुझ्या मनात बाबांचा विचार होता, तुला तसं दिसलं. डॉक्टरांचंही तेच. बरं, मानते. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. पण माझ्या मनात खरंच मालक नव्हते हो. माझ्या मनात झबलं होतं. आणि मनात मालक असतेच, तरी ते मला बाजेवर उशी घेऊन फुगून बसलेले दिसायला पाहिजे होते. परसात जातील हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? आजारी पडल्यापासून ते त्या मातीकडं फिरकलेसुद्धा नव्हते. कोंबड्या लोळायच्या तिथं.

शेजारच्या बाया म्हणाल्या, कुलदैवतानं राखलं, अभिषेक करा. सुनीतानं केला, मी अडवलं नाही. पण देवाला फोन करायचाच होता तर मला सरळ करता आला असता. कराटेवाल्याच्या मार्फत कशाला?

बहिणीनं पुष्कळ दिवस बोलणं सोडलं होतं, मी बारशाला गेले नाही म्हणून. तिला खरं सांगितलं तर म्हणाली, ताई, कारण तरी धड सांगायचं.

मालक दवाखान्यातून आले ते आधी जरा खचले. मला वाटलं, गेलं, पुन्हा भिंत. पण नाही. दुसऱ्याच आठवड्यात डावा हात पुढं आला, मोबाईलसाठी. वाचा यायला मात्र उन्हाळा उजाडला. एकेक शब्द यायचा, मधे लांब थांबायचे. पहिला शब्द चहा. तेही मी चार ठिकाणी फोन करून सांगितलं.

थोडं बोलायला लागल्यावर एक दुपारी मी हिय्या केला. तोवर त्यांच्यासमोर हा विषय मी काढलाच नव्हता, श्रावणीलाही बजावलं होतं. त्या फाट्यावर मला काय दिसलं हे त्यांना माहीत नव्हतं. मी नुसतं विचारलं, मातीत पडला तेव्हा काय केलं हो तुमी?

त्यांनी गेम थांबवला.

"हाक... मारली."

"कुणाला?"

डाव्या हाताचं बोट माझ्याकडं केलं.

मी म्हटलं, आवाज कुठं होता तुमाला तेव्हा. तोंड मातीत, वाचा बंद. आणि मी तिकडं देवगाव फाट्यावर.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. शब्द जुळवत होते, का मलाच जोखत होते, कळेना. मग म्हणाले,

"आली... ना?"

मी म्हटलं, आली.

त्यांनी मान हलवली, बाजेवरून हात खाली सोडून जमिनीला लावला, कपाळाला लावला आणि परत खेळायला लागले. यापुढचं मला काही सांगता येत नाही. त्यांनाही नाही, मी पुन्हा पुन्हा विचारून बघितलं.